मामाची विद्या, समैस्माची वाळू

लोक आखातात जाऊन सोनं आणतात, खजूर आणतात, निदान अत्तराची एखादी बाटली तरी. मी लेकीकडे कतारला राहून नाशिकला परतले ती उजवं कोपर खरचटून घेऊन. भिशीतल्या मैत्रिणी हळहळल्या, "अगं, या वयात पडलीस कुठे?" म्हटलं, "पडले नाही, मला पाडलं. एका इंडोनेशियन मुलीनं. आणि फार सुरेख पाडलं." तेव्हापासून प्रत्येकीला ती हकीकत पहिल्यापासून सांगावी लागतेय. घसा दुखायला लागला, म्हणून आता लिहूनच काढते.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी शाळेत पीटीची बाई होते. उभा जन्म मैदानावर गेला, खो-खोच्या मुली तयार करण्यात. त्यामुळे माणूस समोर आला की माझी नजर आधी त्याच्या पायांकडे जाते, मग चेहऱ्याकडे. लेकीला बघायला आलेला निखिल मला पसंत पडला तो त्याचं उभं राहणं बघून, असं मुग्धा अजून चिडवते. चिडवू दे. जावई चांगलाच निघाला.

अल खोर

निखिल रास लफानच्या गॅस प्लांटवर इंजिनियर आहे. तिथली बरीच मंडळी अल खोरला राहतात. वसाहतीतली घरं सगळी एका साच्यातली, बदामी रंगाची. भल्या पहाटे कंपनीची बस येते, माणसं घेऊन जाते, संध्याकाळी आणून सोडते. घरातलं सगळं शिफ्टच्या हिशेबानं चालतं. निखिल नाइट करून आला की दिवसभर कुजबुजत बोलायचं आणि कुकरच्या शिट्ट्या होऊ द्यायच्या नाहीत. मुग्धा शाळेत शिकवायला जाते. नात ईरा अकरा वर्षांची. मी तिला मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते आणि दोघींचंही काही अडत नाही.

पहिल्याच आठवड्यात मेथी घेऊन येताना मी चुकून शेजारच्या दाराला किल्ली लावली. किल्ली फिरेना म्हणून जोर लावतेय, तोच दार आतून उघडलं. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली, ठेंगणी, हसऱ्या तोंडाची बाई. मी ओशाळून माफी मागायला लागले, तर तिनं माझ्या हातातली पिशवीच काढून घेतली. "कम, कम, ममी. सिट." तिचं नाव यूली. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी साधारण एकाच इयत्तेतलं, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. इथून पुढे आम्ही काय बोललो ते मी मराठीतच सांगते, तेवढं चालवून घ्या.

यूलीच्या स्वयंपाकघरातून असा वास आला की मी चमकलेच. हळदीच्या पानांचा! आमच्या वहिनी कोकणातल्या, त्या या पानांत पातोळ्या वाफवतात. यूलीनं खिडकीतल्या कुंडीत हळद लावली होती आणि तिची पानं नारळाच्या दुधातल्या कच्च्या फणसाच्या भाजीत घातली होती. आम्ही गाईचं खात नाही हे तिला मुग्धामुळे ठाऊक होतं, म्हणून मी बीफच्या पातेल्याकडे बघायच्या आत तिनं माझ्यापुढे फणस ठेवला. मी दोनदा मागून घेतला. मग चहा आला. अंड्याचा बलक साखरेत फेसाळेपर्यंत फेटायचा, त्यावर कडक चहाची धार धरायची आणि वर लिंबू पिळायचं. चहात अंडं! मी देवाचं नाव घेऊन घोट घेतला. आता घरी अधूनमधून करते, पण कोणाला सांगत नाही.

यूली सुमात्रा बेटावरच्या डोंगराळ मुलखातली. तिच्याकडे घर आणि शेत आईकडून मुलीला जातं. लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. "आणि मुलांवर हुकूम कोणाचा?" मी विचारलं. "बापाचं प्रेम," ती म्हणाली, "पण शिकवायचं, वळण लावायचं, ते मामाचं काम." आमच्याकडे मामा लग्नात मुलीच्या पाठीशी उभा राहतो आणि सुट्टीत आंबे खाऊ घालतो, तेवढ्यावर त्याची सुटका होते. तिकडे तो जन्मभर बांधलेला. गंमत म्हणजे त्या मामाला ते मामाक म्हणतात. आम्ही दोघी कितीतरी वेळ मामा, मामाक, मामा, मामाक असं म्हणत हसत बसलो.

तेवढ्यात खराच मामाक दारात आला. यूलीचा धाकटा भाऊ युस्रील, रास लफानलाच पंपांच्या दुरुस्तीवर असतो. बुटका, रुंद, पन्नाशीच्या आसपासचा. त्यानं दारात एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायातला जड सेफ्टी बूट काढला, मग दुसरा. कुठे टेकला नाही, वाकला नाही, हलला नाही. मी यूलीला लगेच म्हटलं, "हा काहीतरी खेळतो." ती खूष झाली. म्हणाली, "सिलेक."

सिलेक म्हणजे त्यांची झुंजायची विद्या. इंडोनेशियात इतरत्र तिला सिलात म्हणतात. युस्रीलला ती त्याच्या मामाकडून मिळाली, त्या मामाला त्याच्या मामाकडून, आणि असंच मागे मागे. युस्रीलचे स्वतःचे दोन मुलगे गावी आहेत, पण ते त्यांच्या मामाकडून शिकणार. युस्रीलची विद्या जायची ती यूलीच्या लेकराला. आणि यूलीला एकच लेकरू, रहमी. पोरगी लहान असल्यापासून तो तिला दर शुक्रवारी समुद्रावर नेऊन शिकवत आला होता. आता ती बारावी झाली होती आणि पुढच्या महिन्यात कॉलेजसाठी सुमात्राला परत निघाली होती. "शुक्रवारी तुम्हीही चला," युस्रील म्हणाला. मला काय, मैदान म्हटलं की मी चपला शोधायला लागते.

समैस्मा

समैस्मा अल खोरपासून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत. एका बाजूला बंगले, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि तोही इतका उथळ की पोरं चालत चालत पार आत जातात तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही. कोकणातल्या समुद्रासारखी त्याची गाज नाही. हिवाळ्यातली सकाळ होती, वारा बोचरा. कुटुंबं सतरंज्या अंथरून, थर्मास घेऊन बसलेली. एका कतारी आजींनी जाता जाता आमच्या हातावर खजूर ठेवले. मी शुक्रन म्हटलं, तर त्यांनी माझा गाल कुरवाळला.

रहमी उंचीला मामापेक्षा जास्त आणि बोलायला कमी. तिनं काळी घोळदार विजार घातली होती, दोन पायांमध्ये कापड धोतरासारखं झुलणारी. तिनं हात जोडून, उजवीकडे डावीकडे लवून जमिनीला आणि माणसांना नमस्कार केला आणि सुरुवात केली. इतकं खाली बसून इतकं हलकं चालणं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. तीन पावलांचा त्रिकोण. त्यातच ती फिरे, वळे, वार चुकवी आणि वळताना विजारीच्या ताणलेल्या कापडावर थाप मारी. तो आवाज ताशासारखा किनाऱ्यावर घुमे. मी टाळ्या वाजवायला लागले तर ईरानं माझा हात दाबला. "आजी, डोंट क्लॅप. इट्स नॉट अ डान्स!"

पण युस्रील खूष नव्हता. तो सारखा थांबवत होता आणि रहमीच्या पायाकडे बोट दाखवत होता. भांडण टाचेचं होतं. त्यांच्या गावी सिलेक शिकायची जागा म्हणजे भातशेताकडेची ओली, निसरडी जमीन. तिथे आधी पायाची बोटं टेकवायची, जमीन चाचपायची, मग तळवा, आणि टाच अगदी शेवटी. टाच आधी ठेवली की माणूस घसरलाच. पिढ्यान्‌पिढ्या ते पाऊल तसंच चालत आलेलं. आणि रहमी इथल्या कोरड्या वाळूत टाचेची बाहेरची कड आधी ठेवत होती आणि तिच्यावर पाऊल वळवत होती.

"मी तिला शंभरदा सांगितलं," युस्रील मला म्हणाला. "ती बोटं टेकवते, पण मनापासून नाही. जरा वेग आला की टाच."

रहमी इंग्रजीत पुटपुटली, "बोटं आधी ठेवली की वाळूत रुततात, मामाक. पाय अडकतो."

"आमचा कोणाचा अडकला नाही."

"तुम्ही वाळूत शिकला नाहीत."

एवढं बोलून तीच घाबरली आणि मान खाली घातली. युस्रीलनं तोंड फिरवलं. दूर पाण्याकडे बघत राहिला.

परतताना गाडीत यूलीनं मला खरी अडचण सांगितली. युस्रीलचे मामा, मी त्यांना मनात थोरले मामा म्हणू लागले, अजून गावी आहेत. थकलेत, पण गावच्या शिकायच्या जागेवर शब्द त्यांचाच. रहमी निघायच्या आधी फोनवरून ते तिचं सिलेक बघणार होते. त्यांनी मान डोलावली तर ती गावी जाऊन त्या जागेवर उभी राहणार, पुढे शिकवणार. नाही डोलावली तर ही ओळ युस्रीलपाशीच संपली. तिला दुसरा मामा नाही आणि युस्रीलला दुसरा भाचा नाही. परदेशात राहून भाचीला चुकीचं शिकवलं, हे ऐकायची वेळ येईल म्हणून त्याला झोप येत नव्हती. म्हणून त्यानं एक तोड काढली होती. गाड्या लावतात तिथे फरशी घातलेली वाट आहे. रहमीनं त्या फरशीवर करून दाखवायचं. फरशीवर जुनं पाऊल बिनचूक पडतं.

"फरशीवर मी नुसती ॲक्टिंग करते," मागच्या सीटवरून रहमी हळूच म्हणाली.

मला राहवेना. मी युस्रीलला आमच्या खो-खोचं सांगितलं. आमचा खेळ मातीतला, आता तो मॅटवर गेलाय. मुलींच्या पायात बूट आले, वळणं बदलली, सूर मारायची रीत बदलली. जुने लोक म्हणाले, खेळ संपला. खेळ संपला नाही, जोरात चाललाय. युस्रीलनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "इन्शाल्ला, मॅडम." आखातात इन्शाल्लाचे बरेच अर्थ होतात. हा अर्थ होता, आता तुम्ही गप्प बसा.

माझं पडणं

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तिथेच. युस्रील रहमीला फरशीवर घोटवून घोटवून थकला आणि फोनवर बोलायला बाजूला गेला. रहमी वाळूत उतरली आणि खाली दबून, माझ्याकडे पाठ करून, पावलं मोजत होती. मी ईराला खो-खो समजावत मागून येत होते. पाटीवर बसलेली मुलगी, पाठलाग करणारी मागून येते, मग काय करते...

आणि समोर ती पाठ. खाली दबलेली, तयारीतली, अगदी पाटीवर बसल्यासारखी. माझा हात कसा गेला ते मला कळलंच नाही. मी रहमीच्या पाठीवर सणसणीत थाप मारली आणि ओरडले, "खो!"

पुढचं मला तुकड्यांत आठवतं. पाठ होती तिथे नव्हती. माझं मनगट कोणीतरी धरलेलं होतं. माझे दोन्ही पाय, ज्यांनी आयुष्यभर मला फसवलं नाही, ते हवेत होते. वर स्वच्छ निळं आभाळ. मग मी वाळूत उताणी, पण माझं डोकं रहमीच्या तळहातावर होतं आणि कंबर इतकी अलगद टेकली होती की पाळण्यातलं बाळ ठेवावं. फक्त कोपर तेवढं एका शिंपल्यावर घासलं.

रहमी रडायलाच लागली. "सॉरी आजी, सॉरी, सॉरी!" ईरा किंचाळली आणि त्या गडबडीत चक्क मराठीत म्हणाली, "आजी, तुला लागलं का गं?" त्या एका वाक्यासाठी मी आणखी दोनदा पडले असते.

युस्रील धावत आला. मला वाटलं, आता हा मला उठवणार. पण तो माझ्यापाशी आलाच नाही. तो वाळूत गुडघ्यांवर बसला आणि रहमीची पावलं उमटली होती तिथे बघत राहिला. मी म्हटलं, "अहो, म्हातारी इकडे आहे!" तेव्हा तो भानावर आला, मला हात दिला, दहादा माफी मागितली. माफी मीच मागायला हवी होती. कामात असलेल्या माणसाच्या पाठीत थाप मारायची ही कुठली रीत?

आम्ही सतरंजीवर बसलो. यूलीनं माझं कोपर धुतलं. युस्रील समोर येऊन बसला. "आमच्यात म्हणतात, दाखवायला केलेलं सिलेक खरं नव्हे. न कळता होतं ते खरं. आज हिला कळायला वेळच नव्हता." मग त्यानं वाळूतल्या खुणेकडे बोट दाखवलं. "हिच्या अंगानं टाच निवडली. जुन्या पावलानं ती तुम्हाला पाडू शकली असती. पण या वाळूत तुमचं डोकं धरायला वेळेवर पोचली नसती."

रहमी त्याच्याकडे बघत होती.

"फरशी खलास," तो म्हणाला. "वाळूतच करायचं. मामा काय म्हणतील ते म्हणतील."

मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला. आपलं चुकलं असेल असं भाचीसमोर म्हणायला छाती लागते, आणि भीती तर त्याची तशीच होती.

शेवटचा शुक्रवार

सुमात्राचं घड्याळ चार तास पुढे. तिकडे जुम्म्याच्या नमाजाची वेळ व्हायच्या आत फोन लावायचा, म्हणून आम्ही उजाडता उजाडताच निघालो. निखिलही नाइट करून आला होता, तो न झोपता तसाच गाडी चालवायला बसला. मुग्धानं शिरा केला होता. यूलीला लेकीकडे बघायचं होतं, म्हणून फोन मुग्धानं धरला.

पडद्यावर थोरले मामा आले. काळी टोपी, तोंडात दात थोडे, मागे कोंबडी ओरडतेय. त्यांनी आधी विचारलं, जेवलात का. सगळ्यांनी नाष्टा झाला सांगितलं. मग ही परदेशी बाई कोण, हे विचारलं. युस्रीलनं सांगितलं, तर ते माझ्याकडे बघून खो खो हसले. म्हणजे माझी कीर्ती सुमात्रापर्यंत पोचली होती.

रहमीनं सुरू केलं. ती त्या वाळूत पाण्यासारखी फिरली. एकदाही तिनं मामाकडे पाहिलं नाही. थाप घुमली, ती शेवटच्या नमस्काराला आली, आणि पडद्यावर बघतो तर चित्र गोठलेलं. थोरल्या मामांचा एक डोळा मिटलेला, एक उघडा. नेट गेलं होतं.

पुन्हा लावला. मामांना फक्त सुरुवात दिसली होती आणि मग नुसते ठोकळे. "परत कर," युस्रील रहमीला म्हणाला. ती दमली होती, तरी उभी राहिली. पण फोनमधून आवाज आला, नको. युस्रील आमच्यासाठी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेला. मामा म्हणत होते, मुलीला बाजूला उभी करा. फोन खाली घ्या. आणखी खाली. मला तिची पावलं दाखवा.

मुग्धा वाकून फोन वाळूवरून हळूहळू नेऊ लागली. त्रिकोणाचा एक कोपरा, दुसरा, तिसरा. प्रत्येक ठिकाणी टाचेच्या बाहेरच्या कडेची एक खोल खूण आणि तिथून वळलेला पंखा. निखिलनं ईराला मागे ओढून धरलं, तिचा पाय कुठे पडू नये म्हणून.

पलीकडे कोंबडी ओरडली. मग मामा बोलले. युस्रीलनं सांगितलं ते असं. आम्ही अंधारात शिकलो, चिखलात. माझ्या मामाची पावलं मी फक्त ऐकली, कधी पाहिली नाहीत. आज पहिल्यांदा आपली पावलं पाहिली. तिन्ही कोपरे जागेवर आहेत. भार जागेवर आहे.

युस्रीलला राहवलं नाही. त्यानं स्वतःच विचारलं, "आणि टाच?"

मामा काहीतरी तुटकपणे म्हणाले आणि यूली रडायला लागली. मी घाबरले. पण युस्रील म्हणाला, "ते म्हणतात, टाच जमिनीनं सांगितलेली आहे, मुलीनं ऐकली. तू तिथे एवढी वर्षं राहून का नाही ऐकलीस? तू शिकून घे."

तिकडे बांग झाली. थोरल्या मामांनी रहमीला गावी लवकर ये म्हणून सांगितलं, आल्यावर शिकायची जागा झाडून घे म्हणून सांगितलं, आणि फोन ठेवला.

यूलीनं लेकीला जवळ घेतलं, मग मला घेतलं, मग मुग्धाला. माझ्या कोपराला हात लावून ती म्हणाली, "थँक यू, ममी." मी काय केलं होतं? सवयीनं एक थाप मारली होती. पण खरं सांगते, त्या घरानं मला त्या दिवशी जे बघू दिलं त्याचे आभार कुठल्या भाषेत मानायचे ते मला अजून कळलेलं नाही. किल्ली चुकीच्या दाराला लावली म्हणून हे हाती लागलं, एवढंच मी देवापुढे म्हणते.

शिऱ्याचा डबा उघडायला मी सतरंजीकडे वळले. वाढायला सगळ्यांना हाक मारावी म्हणून मागे पाहिलं, तर युस्रील बूट काढून वाळूत उभा होता. भाचीच्या पावलांच्या खुणांत तो आपला रुंद पाय ठेवून बघत होता, डगमगत होता, परत ठेवत होता. रहमी जरा वेळ बघत राहिली. मग ती त्याच्यापुढे वाकली. लांबून बघणाऱ्या कुणाही मराठी माणसाला वाटलं असतं, पोरगी मामाच्या पाया पडतेय. तिनं दोन्ही हातांनी त्याची टाच धरली, जराशी बाहेर वळवली आणि म्हणाली, "असं, मामाक. परत करा."